चार चर्च मिळून गरजूंना जेवण: पाळ्या, शिधा आणि अन्नाची काळजी

प्रश्न – ओगराळं
सर्वांना सलाम. कॅथलिक, मेथडिस्ट, ऑर्थोडॉक्स आणि सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट अशा चार मंडळ्या आजवर आपापलं जेवण देत होत्या. एखाद्या दिवशी दोन ठिकाणी अन्न उरतं, तर मंगळवारी कुठेच चूल पेटत नाही. आता एकाच स्वयंपाकघरातून मंगळवार, शुक्रवार, रविवार असं १०० जणांचं जेवण द्यायचं ठरतंय. पाळ्या कशा लावायच्या? शिधा किती धरायचा? अन्न बिघडू नये म्हणून काय सांभाळायचं?

पाळीचा तक्ता
‘पहिला आठवडा तुमचा, दुसरा आमचा’ असं महिन्यावर बांधू नका. प्रत्येक वार वर्षातल्या चार-पाच महिन्यांत पाचव्यांदा येतो आणि नेमकं त्याच दिवशी दाराला कुलूप दिसतं. वर्षभराच्या तारखा मांडून प्रत्येक तारखेपुढे एक मंडळी आणि एक जबाबदार माणूस लिहा.

तुमच्यातले फरक इथे कामाला येतात. ॲडव्हेंटिस्टांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ त्यांना देऊ नका. रविवारी बाकीचे उपासनेत असताना ते मोकळे असतात. ऑर्थोडॉक्स ईस्टर बहुतेकदा वेगळ्या रविवारी येतो (२०२६मध्ये बाकीच्यांचा ५ एप्रिल, ऑर्थोडॉक्स १२ एप्रिल), त्यामुळे एकमेकांचा सण सांभाळता येतो. मात्र २०२५मध्ये दोन्ही २० एप्रिललाच आले होते, तेव्हा दरवर्षी आधी कॅलेंडर बघा.

रांधणाऱ्यांचे उपास आणि पथ्यंही वेगळी असतात. भात, कडधान्य, तेलातली भाजी एवढं ठेवलं की सहसा कोणाची अडचण होत नाही.

मोजून_वाढा
१०० जणांना कोरडा तांदूळ ८ किलो, कोरडं कडधान्य ५ किलो, चिरलेली भाजी १२ ते १५ किलो. घरच्या चौघांच्या मापाला थेट २५ने गुणू नका. मोठ्या पातेल्यात प्रमाणाच्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून पाणी थोडं कमी लागतं. मीठ-तिखट तीन चतुर्थांश घालून चव बघा. वाढवता येतं, काढता येत नाही.

वाढायला सगळीकडे एकाच मापाचा डाव हवा. २५ लिटर आमटी २५० मिलीच्या डावाने १०० जणांना पुरते. तोच डाव ३००चा निघाला तर ८३ जणांनंतर पातेलं रिकामं, आणि रांगेत १७ माणसं उभी.

तापमापी
सगळ्यात जास्त घोटाळा मोठ्या पातेल्यात होतो. रात्री शिजवून झाकून ठेवलेल्या २० लिटरच्या पातेल्याचा मध्य सकाळीही कोमट असतो. उकळूनही काही जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, ते त्या कोमटपणात वाढतात. भातातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचं विष तर पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वास येत नाही म्हणजे अन्न चांगलं, हा समज सोडा.

म्हणून शक्यतो त्याच दिवशी शिजवा आणि वाढून होईपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा. आदल्या दिवशीच करायचं असेल तर पसरट ट्रेमध्ये ५ सेंमीपेक्षा जाड थर नको. २ तासांत २१ अंशांच्या खाली, पुढच्या ४ तासांत ५ अंशांपर्यंत उतरलं पाहिजे. परत गरम करताना मध्यभागी ७४ अंश. तापमापी बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा. शून्य दाखवत नसेल तर आकड्यांना अर्थ नाही.

घरून शिजवून आणलेलं घेऊ नका, कितीही प्रेमाने दिलेलं असो. ते किती वेळ कोमट होतं हे कोणीच सांगू शकत नाही. चिरायला माणसं आली तर उत्तम. शेंगदाणे, दूध, गहू, तीळ वापरले असतील तर ॲलर्जी असलेल्यांसाठी पातेल्यापुढे ठळक पाटी लावा.

ओगराळं
आभार. प्रार्थनेचं काय करायचं? आणि उरलेल्या अन्नाचं?

पाळीचा तक्ता
दार उघडण्याआधी स्वयंपाकघरात एकानेच दोन वाक्यांची प्रार्थना करावी. सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली की ‘वाइटापासून सोडव’पाशी कॅथलिक थांबतात आणि मेथडिस्ट ‘कारण की राज्य’ म्हणत पुढे जातात! जेवायला येणाऱ्यावर मात्र कसलीच अट नको.

तापमापी
६० अंशांवर राहिलेलं लगेच डब्यात भरून, ‘आजच खा’ असं सांगून द्या. रांगेपुढे उघडं पडून कोमट झालेलं टाकून द्या. किती टाकलं ते वहीत लिहा; पुढच्या आठवड्याचा तांदूळ त्यावरून ठरेल.