हिरोची नवी बाईक करिझ्मा एक्सएमआर २५० खरंच येणार की नुसती हूल? एजंट पाच हजार मागतोय, भरू का?

उद्यमबाग_शिफ्ट२

नमस्कार मंडळी. बेळगावातनं लिहितोय, उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला आहे. माझी गाडी २००८ची करिझ्मा आर, केए-२२. घेतली तेव्हा लग्न व्हायचं होतं, आता थोरली पोरगी दहावीला आहे. चोर्ल्यातनं गोव्याला किती वेळा गेलो ते मोजायचं कधीच सोडलो. पुणं, गोकर्ण, एकदा हंपी. वाटेत कधी धोका दिली नाही खरं आता वय दिसायला लागलंय. तवंदी घाटात मागं बायको आणि दोन बॅगा असल्या की तिसऱ्या गिअरवर यावं लागतं. इंजिनाच्या सांध्यातनं तेल पाझरतंय. फेअरिंग, म्हणजे पुढचं प्लास्टिकचं कवच, एम-सीलवर उभं आहे म्हटलं तरी चालेल.

तर, नोव्हेंबर २०२४ला इटलीत मिलानच्या प्रदर्शनात हिरोनं एक्सएमआर २५० दाखवली. फोटो बघितलो आणि त्याच दिवशी ठरवलो, पुढची गाडी हीच. तिथंच मांडलेली एक्स्ट्रीम २५० आर जानेवारी २०२५ला १ लाख ८० हजाराला जाहीरसुद्धा झाली. इंजिन तेच, २४९ सीसी, ३० पीएसची ताकद. मग करिझ्मा कुठं अडकली? दसरा झाला, दिवाळी झाली. ग्रुपवर एक म्हणतोय मार्चमध्ये नक्की, दुसरा म्हणतोय पेटंट फुटलंय म्हणजे आलीच समजा. भाचा तर हत्तरगी टोलनाक्यापाशी काळ्यापांढऱ्या नक्षीचे स्टिकर चिकटवलेली गाडी बघून आला. "मामा, तीच!"

आता जुन्या-नव्या गाड्यांची देवघेव करणारा ओळखीतला एक एजंट म्हणतोय, पाच हजार टाका, पहिल्या लॉटमध्ये तुमचा नंबर लावतो. पावती विचारलो तर "पावती काय पळून जातीय काय, आत्ता फोनवर टाका." बायको म्हणती, गाडी दिसली नाही आणि पैसे दिसायला लागले का त्याला?

थांबू का? पैसे भरू का? आणि कागलला मावशी आहे, तिच्या पत्त्यावर एमएच-०९ पासिंग केलं तर टॅक्स वाचतो म्हणतात, ते खरं काय?

कणकुंबीचा_पाऊस

पैसे भरू नका. बाकीचं सगळं नंतर. कंपनीनं बुकिंग उघडलं की तिच्या साइटवर दिसतं आणि शोरूमची जीएसटी नंबर असलेली पावती मिळते. ज्या गाडीची अजून किंमत ठरली नाही, तिचा कसला नंबर लावतोय तो? पाच हजार जाणं परवडंल एकवेळ, खरं मग त्याच्या मागं फिरण्यात जे पेट्रोल जाईल ते?

चाकणचा_वाटसरू

भाच्याने बघितलेल्या गाडीबद्दल. नंबर प्लेट कशी होती ते त्याला विचारा. पिवळ्या पाटीवर लाल आकडे म्हणजे तात्पुरतं रजिस्ट्रेशन. लाल पाटीवर पांढरे आकडे म्हणजे ट्रेड सर्टिफिकेटवर फिरणारी गाडी, टेस्टिंगची बहुधा तशीच असते.

पण मुख्य मुद्दा रस्त्याचा. तुमच्या दारातून जाणारा एनएच ४८ पुण्याहून बेंगळुरूला जातो. बजाज आकुर्डी-चाकणला, मान्यतेच्या चाचण्या करणारी एआरएआय पुण्यात, आणि टीव्हीएस बेंगळुरूच्या पलीकडे होसूरला. हिरोचं संशोधन केंद्र मात्र जयपूरजवळ. तेव्हा हत्तरगीला स्टिकर लावलेली गाडी दिसली तर ती हिरोची असण्यापेक्षा बजाज-टीव्हीएसपैकी कुणाची तरी असण्याचा संभव जास्त. स्टिकरची नक्षी असतेच मुळी डोळ्यांना फसवायला. वेगात गेलेल्या गाडीचं फेअरिंग आपल्याला हवं तसं दिसतं.

आणि 'पेटंट फुटलं' म्हणतात ते बहुतेक वेळा पेटंट नसतंच. ती डिझाइनची नोंदणी असते. गाडी कशी दिसते ते दहा वर्षं कुणी उचलू नये म्हणून कंपन्या नोंदवून ठेवतात. विकायला काढतीलच असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

उद्यमबाग_शिफ्ट२

भाच्याला विचारलो. "मामा, प्लेट कोण बघतंय, मी गाडी बघत होतो."

थांबलेला_माणूस

मी या विषयातला अनुभवी. २०१४च्या ऑटो एक्स्पोत हिरोनं एचएक्स २५० आर मांडली होती. फेअरिंगवाली, देखणी. मी तेव्हा धारवाडला शिकत होतो, सायबर कॅफेत बसून फोटो छापून घेतला आणि खोलीवर लावला. त्याच एक्स्पोत बजाजनं दोन पल्सर दाखवल्या, सीएस ४०० आणि एसएस ४००. मी मनात एसएसला दुसरा नंबर देऊन ठेवला. म्हणजे एक नाही आली तर दुसरी.

काय झालं ते ऐका. हिरो ज्या अमेरिकन भागीदाराबरोबर काम करत होती, ती एरिक ब्युएल रेसिंग एप्रिल २०१५ मध्ये बुडाली आणि एचएक्स २५० आर कधी दुकानात आलीच नाही. एसएस ४००सुद्धा आली नाही. सीएस ४०० आली, पण डिसेंबर २०१६ मध्ये, डॉमिनार नाव घेऊन. तोवर माझा फोटो पिवळा पडला होता आणि खोली बदलली होती.

उलटंही होतं, खोटं कशाला बोलू. टीव्हीएसनं २०१६च्या एक्स्पोत अकुला ३१० दाखवली, ती आरआर ३१० होऊन डिसेंबर २०१७ला आली. म्हणजे चांगल्यात चांगलं धरलं तरी पावणेदोन-दोन वर्षं. तुमच्या गाडीचं इंजिन निदान बाजारात आहे, एक्स्ट्रीमवर चालू आहे, हे तुमच्या बाजूनं. माझ्या वेळी तेवढंही नव्हतं.

निपाणीचे_अण्णा

पाव्हणं, टॅक्सचं मी सांगतो, आमचं अर्धं घर केए-२३ आणि अर्धं एमएच-०९ आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासनं ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ झाला. वरच्या गाड्यांना ४०. म्हणून तर सगळ्या गप्पा आता ३५०च्या आत आल्यात. डॉमिनार ४०० ही ३७३ सीसीची, ती गेली पलीकडं. तुमची २५० आत बसती. एक्स्ट्रीमचे १ लाख ८० हजार नवीन दरानं १ लाख ६६ हजाराच्या घरात येतात. करिझ्मा फेअरिंगमुळं थोडी वर धरा.

आता रोड टॅक्स. कर्नाटकात लाखावरच्या दुचाकीला १८ टक्के, त्यावर सेस वेगळा. महाराष्ट्रात ३०० सीसीच्या आत साधारण ११. १ लाख ६६ हजारावर धरलं तर फरक साडेअकरा हजाराच्या आसपास. लई वाटतो. खरं मावशीकडं राहणार आहे काय तुम्ही? मोटार वाहन कायद्याचं ४७ कलम असं की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यायला लागतो. मग कागदाला कागद, एनओसी, इकडं टॅक्स भर, तिकडं परत माग. माझ्या धाकट्यानं केलंय हे. वाचलेले पैसे रजा टाकण्यात गेले. सीमेचा दावा २००४ पासनं सुप्रीम कोर्टात आहे, त्याच्या आधी धाकट्याचा टॅक्स परत आला तर मी निपाणीत पेढे वाटणार आहे.

राहता बेळगावात, तर केए-२२च घ्या.

मागच्या_सीटवरून

मी गाडी चालवत नाही, मागे बसते, म्हणून माझंही ऐका. सगळे पीएस आणि पेटंटवर बोलताय. आमच्याकडे करिझ्मा एक्सएमआर २१० आहे, या २५०ची धाकटी बहीण, ह्यांनी हौसेनं घेतली. पुढच्याला मजा आहे, काच वरखाली होते, इंजिन गुळगुळीत चालतं. मागची सीट मात्र वेगळी, उंच आणि अरुंद. जांबोटीपर्यंत ठीक. कणकुंबीच्या पुढे वळणं सुरू झाली की मी पुढे घसरते, ब्रेक लागला की हेल्मेटवर हेल्मेट. पणजीला उतरले तेव्हा मी अर्धा तास बाकावर बसून होते आणि हे फोटो काढत होते.

तुमच्या जुन्या करिझ्माची सीट सलग आणि रुंद असते. वहिनींना त्याची सवय असणार. २५० येईल तेव्हा येईल, आत्ता त्यांना शोरूममध्ये नेऊन २१०वर बसवा. दहा मिनिटं बसवा, फोटोपुरतं नको.

कणकुंबीचा_पाऊस

वरच्या ताईंना अनुमोदन. अजून एक सांगतो. जुन्या करिझ्माची टाकी १५ लिटरची. २१०ची ११. माझी जुनी आर हायवेला चाळीसच्या आसपास द्यायची, म्हणजे बेळगावात फुल करून निघालो तर पुण्याला जाऊन परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत पंपाकडं बघायला लागत नव्हतं. २१०वर ते होणार नाही. टूरिंग करणाऱ्याला हे आधी दिसतं, ३० पीएस नंतर.

बाकी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आणि आता बेंगळुरू-म्हैसूरच्या नव्या रस्त्यावरही दुचाकीला बंदी आहे. आपल्याला उरतो एनएच ४८ आणि घाट. तिथं ताशी ८०-९० ला न थरथरणारी, मागच्याला न ढकलणारी गाडी पाहिजे. ती कुठल्या प्रदर्शनात कधी दाखवली त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?

थांबलेला_माणूस

सहमत, फक्त शेवटचं वाक्य सोडून. मला प्रदर्शनाशी अजूनही करायचंय.

निपाणीचे_अण्णा

२००८ची म्हणजे पंधरा वर्षं कधीच झाली. एफसी, म्हणजे फिटनेसचा कागद, करून घेतलाय ना?

उद्यमबाग_शिफ्ट२

होय अण्णा, २०२३ला पाच वर्षं वाढवून घेतलो. २०२८पर्यंत कागद पक्के.

निपाणीचे_अण्णा

मग घाई कसली? कागदाला मुदत आहे, बायको गाडीवर बसायला तयार आहे. तेल गळतंय ते बंद करा.

उद्यमबाग_शिफ्ट२

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय, कामाचा लोड होता.

एजंटला म्हटलो, जीएसटी नंबरची पावती दे, लगेच टाकतो. "उद्या देतो" म्हणाला. उद्या फोन उचलला नाही. परवा उचलला, तर म्हणाला आता नंबर संपले, पुढच्या लॉटला बघू. न आलेल्या गाडीचा पहिला लॉट संपला सुद्धा! बायको दोन दिवस हसत होती.

शनिवारी तिला घेऊन २१०वर बसवून आणलो. ताईंनी सांगितलेलं तसंच दहा मिनिटं. पोरं बघायला लागली म्हणून तिला अवघड वाटलं खरं उठली नाही. उतरून म्हणाली, "एकटे जाणार असाल तर घ्या." कळलं मला काय ते.

एक्स्ट्रीम २५० आर पण बघितलो. गाडी चांगली आहे, खरं पुढं फेअरिंग नाही. डिसेंबरात पहाटे वंटमुरीच्या उतारावर छातीवर वारं घेऊन बघा म्हणजे मी फेअरिंगसाठी का थांबलोय ते कळंल.

तर तूर्त जुनीचंच काम काढलोय. गॅस्केट किट आणि चेन सेट आणलो, टायर पुढच्या पगाराला. इंजिन उघडायला माझाच मित्र आहे, उद्यमबागेतच. २५०ची किंमत जाहीर झाली की पहिल्यांदा मागची सीट बघणार आणि मग टाकी. मावशीच्या पत्त्याचा विषय बंद.

अडकलंय एकच. करिझ्मा आरच्या फेअरिंगचा डावीकडचा ब्रॅकेट कुठंच मिळेना. शोरूमवाले म्हणतात बंद झाला. कुणाकडं जुना पडून आहे काय?

कणकुंबीचा_पाऊस

माझ्याकडं आहे. माझी आर विकली तेव्हा अपघातात निघालेलं फेअरिंग तसंच माळ्यावर राहिलं. उजवीकडं चिरलेलं आहे, डावा ब्रॅकेट शाबूत. खानापूरला आलात की फोन करा, नंबर निरोपातून पाठवतो. पैसे नकोत, येताना कुंदा आणा.