‘ओघ उणा झाला’ हे मराठी आहे का?

शहापूरची वाचक
बेळगावात मराठीतून अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी टिपणं लिहिते आहे. विषय आहे परदेशी मदत आणि गरीब देशांचा विकास. एका वाक्यावर अडले. समजा, एखाद्या देशाला वर्षात नवी कर्जं आणि अनुदानं मिळून 100 कोटी डॉलर आले आणि जुन्या कर्जांच्या मुद्दलापोटी 120 कोटी परत गेले. मी लिहिलं, ‘निव्वळ ओघ 20 कोटींनी उणा झाला.’ ओळखीच्या निवृत्त सरांनी त्यावर लाल रेघ मारली. ओघ आटतो, मंदावतो, खंडतो. उणा होत नाही, असं म्हणाले. मग काय लिहू?

खानापूरकर
सरांचं बरोबर आहे. ओघात पुढे जाणं आलंच, म्हणून तर ‘ओघाने आलेच’ म्हणतो. पालीतही ओघ म्हणजे पूर. ओघळ, ओहोळ त्याच घरचे असावेत. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘वघळ’ होतं. 2019 च्या महापुरात पेपरांत ‘मदतीचा ओघ’ वाचला, तो शोभला, कारण चादरी-तांदूळ कुणी परत मागणार नव्हतं. जिथं फेडायचं आहे तिथं ओघ कसला?

निपाणीकर
ताई, बाजारात शब्द आहे की. आवक आणि जावक. ‘आवकेपेक्षा जावक 20 कोटींनी जास्त झाली.’ संपलं. आमच्या घरी तीन पिढ्या तंबाखू आहे, म्हणून मलावीबद्दल मुद्दाम वाचतो. तिकडच्या शेतकऱ्याचीही तंबाखूच, देशाचं परकीय चलन बरंचसं तिच्यावरच. 2006 मध्ये त्यांची बरीच विदेशी कर्जं माफ झाली, तरी आज देश पुन्हा कर्जाच्या ओझ्याखाली आहे. मदत येत राहिली, पण विकायला माल तोच एक राहिला. भाव पडला की सगळं पडतं. निपाणीत 1981 ला भावासाठी लोक रस्त्यावर का बसले, ते इथल्या कुणाला सांगावं लागत नाही.

चिकोडीचा मास्तर
मूळ शब्दच आधी सुधारा. ‘मदत’ अरबीतून आली. शास्त्रीय लेखनात ‘साहाय्य’ हवं, आणि तेही ‘सहाय्य’ नव्हे. सहाय म्हणजे सोबती, त्याचा भाव तो साहाय्य. पहिल्या अक्षराला काना हवाच.

निपाणीकर
मास्तर, काना मान्य. पण पूर आल्यावर कुणी ‘साहाय्य करा हो’ म्हणून ओरडलेलं ऐकलंय का?

चिकोडीचा मास्तर
ओरडण्याची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी असते. इथं मराठी शाळा टिकवताना जीव जातोय. पोरांना नीट शब्द दिला नाही तर ती कन्नड किंवा इंग्रजी पुस्तक उघडतील आणि परत येणार नाहीत.

अथणीची सून
कन्नड पुस्तक उघडलं तर बिघडलं कुठं? त्यात नेरवु म्हणजे मदत, साल म्हणजे कर्ज, आणि अनुदान म्हणजे अनुदानच. माझी मुलं दोन्हीकडची पुस्तकं वाचतात.
मला वेगळंच सांगायचंय. सासूबाई मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीची आठवण काढायच्या. लालसर, गिळवत नसे. सगळे त्याला ‘अमेरिकेची मदत’ म्हणत, पण सासूबाई ठणकावून सांगायच्या, ‘आम्ही रेशनला पैसे मोजलेत.’ त्यांचं खरंच होतं. अमेरिकेच्या 1954 च्या पी. एल. 480 कायद्याखालचं बरंचसं धान्य भारतानं रुपयांत विकत घेतलं होतं. ते रुपये अमेरिकेच्या नावे इथंच साठत गेले आणि 1974 मध्ये त्यांतले 1,664 कोटी अमेरिकेनं भारताला सोडून दिले. म्हणजे मदत नक्की कधी झाली? धान्य आलं तेव्हा, की रुपये सोडले तेव्हा?

येळ्ळूरचा हिशेबनीस
हाच खरा प्रश्न. श्रीमंत देशांच्या समितीनं 1969 मध्ये ‘अधिकृत विकास मदती’ची व्याख्या केली आणि 1972 मध्ये ती घट्ट केली. कर्जात निदान 25 टक्के भाग देणगीच्या मोलाचा (म्हणजे कमी व्याज आणि लांब मुदतीमुळे घेणाऱ्याचा वाचणारा) असला की ते आख्खं कर्ज मदतीत मोजायचं! 2018 पासून फक्त देणगीच्या मोलाचा भाग धरतात. संयुक्त राष्ट्रांनी 1970 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदतीचं लक्ष्य ठरवलं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजकेच ते वर्षानुवर्षं गाठतात. मी म्हणतो, फेडायचं त्याला मदत म्हणूच नका. अनुदान आणि सवलतीचं कर्ज, असे दोन सरळ शब्द आहेत.
बेळगावातल्या काही वॉर्डांत 2008 ला चोवीस तास पाणी आलं, तेव्हा ‘जागतिक बँकेनं पाणी दिलं’ असं सर्रास म्हणत. बँकेनं कर्ज दिलं होतं.
आणि ताई, मुद्दलाबरोबर व्याजही वजा केलंत तर तो आकडा वेगळा होतो, त्याला नावही वेगळं लागेल.

खानापूरकर
मदत म्हणायचंच नसेल तर सवलतीला काय म्हणाल? जागतिक बँकेच्या विकास संघटनेची सुरुवातीची कर्जं 50 वर्षांच्या मुदतीची होती, पहिली 10 वर्षं मुद्दल नाही आणि सेवाशुल्क फक्त पाऊण टक्का. एवढं ढिलं कर्ज आपल्या सोसायटीत कुणाला मिळालंय?

शहापूरची वाचक
सगळ्यांचे आभार. ‘आवकेपेक्षा जावक जास्त’ वाक्यात बसतं, पण तक्त्याच्या मथळ्याला एकच नाम हवं. ‘निव्वळ आवक’ लिहिलं आणि खाली उणे 20 दाखवलं, तर सर पुन्हा रेघ मारतील. व्याजाच्या तक्त्याला मग ‘निव्वळ हस्तांतर’ चालेल का?

चिकोडीचा मास्तर
‘हस्तांतर’ चालेल, ‘हस्तांतरण’ नको.

अथणीची सून
पहिली 10 वर्षं मुद्दल नाही, त्या मुदतीला मराठीत काय म्हणायचं? दुष्काळात सरकार तगाई द्यायचं, तिचा पहिला हप्ता पीक आल्यावरच असे. त्या मधल्या काळाला गावात काही शब्द होता का? कुणाच्या घरी तगाईचे जुने कागद असतील तर बघून सांगा.

निपाणीकर
वडिलांच्या पेटीत आहेत. पण मोडीत आहेत, वाचणारा शोधावा लागेल.