बैठकच बरी होती

परवाची स्मृती-मैफल घरगुती बैठकीत झाली, तर कुणीतरी विचारलंय, मोठ्या नाट्यगृहात का नाही केली. अहो, ज्यांच्या स्मरणार्थ होती ते काका जन्मभर दिवाणखान्यातच गाणं ठेवायचे! आधी गाणाऱ्याच्या हातात बिदागी, म्हणजे मानधन, मग तांबडा-पांढरा रस्सा. परवा बिनमाईक नायकी कानडा राग चालू होता. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, किंचित उतरली, तशी पुढच्या एका आजोबांनी भुवई उडवली. गायिकेनं हसून तारेखालचा दोरा सरकवला. हजार खुर्च्यांत हे दिसलं असतं? आणि काकांसारख्या आश्रयदात्यांचं मोलही तेवढंच. जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरात रमले ते शाहू महाराजांच्या आश्रयामुळं. महाराज १९२२ साली गेले, मग खाँसाहेबांनी मुंबई गाठली. आश्रयदाता गेला की गाणं कसं गाव सोडतं बघा. चहा मात्र गारढोण होता, तेवढं मान्य.