बहुमत हातात असताना घेतलेली मुदतपूर्व निवडणूक सत्ताधाऱ्यांनाच का भोवते?

पर्वती_पायथा:
नमस्कार. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. संसदीय पद्धतीवरचे टिपण काढताना एका प्रश्नापाशी अडलो आहे. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी १८ एप्रिल २०१७ रोजी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली, तेव्हा त्यांच्याकडे बहुमत होते, २०२० पर्यंतची मुदत होती आणि चाचण्यांमध्ये त्यांचा हुजूर पक्ष विरोधी मजूर पक्षाच्या बराच पुढे होता. ८ जूनच्या मतदानात त्यांच्या मतांचा वाटा सुमारे ३७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला, पण जागा मात्र ३३० वरून ३१७ वर आल्या आणि ६५० जणांच्या सभागृहातले बहुमत गेले. ही केवळ प्रचारातली चूक मानायची, की अशा निवडणुकीच्या मुळातच काही धोका असतो?

भांडारकर_रस्ता:
प्रचार चुकला हे खरेच आहे. १८ मे रोजी जाहीरनामा प्रसिद्ध झाला, त्यातल्या वृद्धांच्या देखभालखर्चाच्या प्रस्तावावर ओरड झाली आणि चारच दिवसांत तो बदलावा लागला. ‘खंबीर आणि स्थिर’ नेतृत्व एवढ्याच मुद्द्यावर मते मागणाऱ्या नेत्याला अशी माघार परवडत नाही. पण माझ्या मते खरे नुकसान निकालानंतर सुरू झाले. उत्तर आयर्लंडमधल्या डीयूपी या पक्षाच्या अवघ्या १० खासदारांचा पाठिंबा मिळवण्यासाठी तिथे एक अब्ज पौंडांचा जादा निधी द्यावा लागला, आणि ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, करारावर याच १० जणांचा नकार पुढे सरकारला नडला. १५ जानेवारी २०१९ रोजी तो करार २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला गेला आणि विरोधात मत देणाऱ्यांत पंतप्रधानांच्या स्वतःच्या पक्षाचे ११८ खासदार होते. ज्या नेत्याने कोणी मागितलेली नसताना निवडणूक लादली आणि आपल्या शेजारच्या मतदारसंघातले सहकारी घरी बसवले, त्याचा शब्द खासदार कशासाठी झेलतील? जागा तेराच कमी झाल्या, पण पक्षातला वचक पार गेला.

कसब्यातला_जुना_कार्यकर्ता:
ब्रिटनपर्यंत कशाला जायचे, आपल्याकडचे १९९९ पाहा. १९९५ च्या मार्चमध्ये आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारची मुदत २००० च्या सुरुवातीपर्यंत होती. परंतु जूनमध्ये काँग्रेस फुटून राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली होती, जुलैमध्ये कारगिलचे युद्ध जिंकून संपले होते, वाजपेयींच्या नावाची हवा होती. तेव्हा लोकसभेबरोबरच विधानसभाही उरकून घ्यावी असे ठरले. कागदावर हिशेब अगदी चोख होता, मलाही तो पटला होता.

मी तेव्हा युतीचे काम करीत होतो. गणेशोत्सवाच्या मांडवांचे वासे उभे राहत होते आणि आम्ही वाड्यावाड्यांतून मतदारांच्या स्लिपा वाटत होतो. एका वाड्यात ओसरीवर गवार मोडत बसलेल्या आजींनी स्लिप हातात घेतली, चष्मा वर सरकवून नाव नीट वाचले आणि म्हणाल्या, “दिल्लीचं कळलं रे, ते सरकार पडलंय. पण इथलं तर चाललं होतं ना? मग मधेच का उठलात?” मला उत्तर देता आले नाही. वरून जे सांगितले होते ते ‘आता वातावरण चांगले आहे’ एवढेच, आणि ते काही मतदाराला सांगण्याजोगे कारण नव्हते.

निकाल असा लागला की महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा युतीला मिळाल्या, पुण्यातून भाजपचे प्रदीप रावत निवडून आले, आणि त्याच निवडणुकीत विधानसभेला युती १३८ वरून १२५ वर आली. म्हणजे एकाच केंद्रात, एकाच फेरीत दोन मते देताना लोकांनी दिल्ली आणि मुंबई यांत फरक केला. परस्परांविरुद्ध लढलेल्या काँग्रेसला ७५ आणि राष्ट्रवादीला ५८ जागा मिळाल्या. दोघे निकालानंतर एकत्र आले, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि युतीला राज्याची सत्ता २०१४ पर्यंत पुन्हा मिळाली नाही. पूर्ण मुदत थांबलो असतो तर जिंकलोच असतो, असा दावा मी करणार नाही. पण विरोधकांची फूट हे आपले भांडवल आहे असे धरून चालणे फार महागात पडले, कारण समोर सत्ता दिसली की फुटलेले लोक लगेच जवळ येतात.

वारजेकर:
वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. इंदिरा गांधींनी डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा वर्षभर आधी विसर्जित केली आणि ३५२ जागा मिळवल्या. तेलंगणात चंद्रशेखर राव यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये विधानसभा विसर्जित करून ११९ पैकी ८८ जागा जिंकल्या. फसलेलीच उदाहरणे मोजली तर निष्कर्ष एकांगी होईल.

भांडारकर_रस्ता:
मुद्दा रास्त आहे, पण १९७० ची परिस्थिती वेगळी होती. १९६९ च्या फुटीनंतर सरकार अल्पमतात होते, डाव्यांच्या आणि द्रमुकच्या आधारावर चालत होते, आणि संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नुकताच अवैध ठरवला होता. लोकांकडे जाण्याची गरज लोकांनाच दिसत होती; कसब्यातल्या त्या आजींना तेव्हा तो प्रश्न पडला नसता. तेलंगणाचे उदाहरण मात्र मला मान्य आहे. तिथे लोकसभेच्या लाटेपासून राज्याची निवडणूक वेगळी काढली गेली, म्हणजे १९९९ मध्ये आपल्याकडे जे केले त्याच्या नेमके उलट.

पर्वती_पायथा:
सर्वांचे आभार. एक शंका उरते. ब्रिटनमध्ये तेव्हा २०११ च्या कायद्यानुसार मुदतपूर्व निवडणुकीसाठी दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागत होती. मग हरण्याची भीती असलेल्या मजूर पक्षाने ती दिली कशी?

कसब्यातला_जुना_कार्यकर्ता:
निवडणूक नको असे म्हणणारा विरोधी पक्ष लोकांना तोंड कसे दाखवणार? १९ एप्रिलला तो ठराव १३ विरुद्ध ५२२ मतांनी संमत झाला. तो कायदा २०२२ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे तर तेवढीही अट नाही. बहुमतातल्या मंत्रिमंडळाने शिफारस केली की राज्यपाल कलम १७४ खाली विधानसभा विसर्जित करतात, त्यामुळे घाई करू नका असे नेत्याला सांगण्याची जबाबदारी त्याच्याच पक्षातल्या माणसांवर येते. १९९९ मध्ये आमच्या शाखेच्या बैठकीत तसे कोणीही म्हणाले नाही, मीही नाही.