शहराची समकालीन चित्रे : मर्यादित खर्चात घरगुती संग्रह कसा उभा करावा?

प्रश्न — खिडकीपलीकडे

नमस्कार. मी ठाण्यात राहते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, परंतु काळा घोडा परिसरातल्या कलादालनांत गेली अनेक वर्षे नेमाने जाते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ च्या अखेरीस सुधीर पटवर्धन यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरले होते. ज्या चित्रकाराने तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले, त्याने लोकलचे प्रवासी, इराणी हॉटेलातली माणसे, ठाण्यातल्याच पोखरण भागाची बदलत गेलेली वस्ती इतक्या आस्थेने रंगवलेली पाहून मला आपल्याच रस्त्यांकडे नव्याने बघावेसे वाटू लागले. तेव्हापासून आजच्या शहराची, म्हणजे गेल्या दहा-पंधरा वर्षांत काढलेली, मूळ चित्रे थोडी थोडी करून घरात आणावीत असा विचार मनात आहे.

वर्षाला साधारण दीड लाख रुपये मी यासाठी बाजूला काढू शकते. नावाजलेल्या चित्रकारांचे कॅनव्हास या रकमेत येणार नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि गुंतवणूक म्हणून मला हे करायचेही नाही. सुरुवात कोणत्या ठिकाणांहून करावी, तरुण चित्रकाराचे काम घेताना नेमके काय पाहावे, आणि भिंतींवर चित्रे काढणाऱ्या कलावंतांचे काम अशा संग्रहात कसे आणता येईल, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन. आमचे घर खाडीच्या बाजूला आहे आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते, हेही सांगून ठेवते.

उत्तर — गिरणगाव

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण 'कोणाचे घेऊ' याऐवजी 'कशाचे घेऊ' यापासून आपण सुरुवात केली आहे. मी स्वतः लालबागमध्ये वाढलो आणि गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहताना पाहिले, त्यामुळे माझा छोटा संग्रह आपोआप पाडकाम आणि पुनर्विकास याच विषयाभोवती जमला. 'शहर' हा विषय फार मोठा आहे. त्यातले आपल्याला काय अस्वस्थ करते हे एकदा कळले, की प्रदर्शनातल्या चाळीस चित्रांपैकी कोणत्या दोन चित्रांपुढे थांबायचे ते डोळे स्वतःच ठरवतात.

खरेदीपूर्वी एक वर्ष फक्त पाहण्यासाठी ठेवावे असा माझा आग्रह राहील. ज्यांची चित्रे आपण विकत घेऊ शकत नाही, त्यांची कामे या काळात मुद्दाम शोधून पाहावीत. अतुल दोडिया यांनी दुकानाच्या पत्र्याच्या शटरवर चित्रे काढली. शटर वर केले की आत दुसरे चित्र दिसते, आणि मुंबईच्या बाजारपेठेत रोज सकाळी घडणारी क्रियाच त्या चित्राचा भाग होते. जितीश कल्लाट यांनी मुंबईकरांची गर्दी रंगवलेले काही मोठे कॅनव्हास कांस्याच्या आधारांवर उभे केले, आणि ते आधार छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीवरच्या पाषाणमुखांवरून घडवलेले आहेत. पेशाने डॉक्टर असलेल्या गीव्ह पटेल यांचे 'ऑफ लॅमिंग्टन रोड' हे १९८० च्या दशकातले चित्रही याच परंपरेतले आहे. इतके पाहिल्यावर नुसती टॅक्सी, गेटवे आणि पावसातल्या छत्र्या काढून 'मुंबई' विकणारे चित्र लगेच ओळखू येते. असे चित्र कौशल्याने काढलेले असू शकते. परंतु वर्षभर रोज पाहिल्यावर त्यातून नवीन काही निघत नाही.

प्रत्यक्ष खरेदीसाठी जहांगीर कलादालन हे आजही सर्वांत मोकळे ठिकाण आहे. १९५२ साली सुरू झालेल्या या दालनात बहुतेक प्रदर्शने आठवडाभर चालतात आणि चित्रकार स्वतः हजर असतो, त्यामुळे मधल्या वारी दुपारी गर्दी नसताना गेल्यास निवांत बोलता येते. सर ज. जी. कला महाविद्यालयाचे वार्षिक विद्यार्थी प्रदर्शन आणि १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन ही दोन्ही चुकवू नयेत. खासगी दालनांच्या काचेच्या दारांना बिचकण्याचेही कारण नाही. प्रवेश विनामूल्य असतो, किंमतपत्रक मागितल्यास देतात, आणि दालनात ज्याचे मोठे काम लागले आहे त्याची कागदावरची छोटी कामे आतल्या कपाटात असतात. ती दाखवा असे आपण होऊन सांगावे लागते.

कागदावरूनच सुरुवात करा. माझ्याकडे एका विद्यार्थिनीचे वहीच्या पानापेक्षा थोडे मोठे जलरंगचित्र आहे. पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीवर हिरवी जाळी चढवली आहे, आणि त्या जाळीमागे अजून राहती असलेली एकच खिडकी आहे. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल तिने रंगवलेलाच नाही. तेवढा कागद कोरा ठेवला आहे, आणि सगळ्या हिरव्या थरांमधून नजर नेमकी त्या कोऱ्या जागेवर जाते. अनुभवी चित्रकारालाही असा संयम सहजी साधत नाही, आणि असे काम विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात काही हजार रुपयांत मिळू शकते.

मोठ्या संग्रहांची सुरुवातही अशीच झालेली आहे. कापसाच्या व्यापारातले जहांगीर निकल्सन १९६८ मध्ये चित्रे घेऊ लागले ते आपल्या काळातल्या, आपल्या शहरातल्या चित्रकारांची; त्यांचा सुमारे आठशे कलाकृतींचा संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सांभाळला जातो आणि त्यातली निवडक कामे तिथल्या दालनात टप्प्याटप्प्याने पाहायला मिळतात. आपल्या एक वर्षाच्या 'अभ्यासात' हे दालन अवश्य धरावे.

उत्तर — रंगलेपन

मी चित्रकार आहे आणि मुद्राचित्रणही, म्हणजे ठशांवरून चित्रे छापण्याचे काम, करतो. 'गिरणगाव' यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु विषय आधी ठरवून चित्रे गोळा करण्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. विषय फार घट्ट धरला तर संग्रहाला सचित्र अहवालाची कळा येते. त्याऐवजी दोन किंवा तीन तरुण चित्रकार निवडावेत आणि दरवर्षी त्यांच्या स्टुडिओत जाऊन पाच-सहा वर्षे त्यांचे काम पाहत राहावे. आधीचे रेखाटन, मधल्या काळातले फसलेले पण धाडसी चित्र आणि नंतरचे पूर्ण उतरलेले काम अशी एकाच हाताची वाटचाल ज्या घरात दिसते, तो संग्रह लहान असला तरी त्याला खोली येते. चित्रकारालाही अशा संग्राहकाचा फार आधार वाटतो. विक्री न झालेल्या वर्षात कोणी येऊन तासभर चित्र पाहून गेले तरी काम पुढे सरकते.

आपल्या खर्चाच्या मर्यादेत मुद्राचित्रे उत्तम बसतात, मात्र इथे बाजारात बराच गोंधळ आहे. एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेला ठसा), काष्ठठसा, लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा) किंवा सेरिग्राफ (जाळीतून रंग उतरवून केलेले चित्र) यांत चित्रकार स्वतः ठसा घडवतो किंवा त्याच्या देखरेखीखाली तो घडतो. मर्यादित प्रती काढल्या जातात आणि कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलने १२/५० (पन्नास प्रतींपैकी बारावी) असा प्रतिक्रमांक आणि सही असते. याउलट तयार चित्राचा फोटो काढून तो शाईच्या छपाईयंत्रावर कॅनव्हासवर छापला, वर पारदर्शक लेप फिरवून ब्रशच्या फटकाऱ्यांचा आभास केला, आणि ते 'लिमिटेड एडिशन' म्हणून विकले, असे प्रकार सर्रास चालतात. शोभेसाठी असे काही घ्यायला हरकत नाही, पण ते मूळ काम नव्हे आणि त्याची किंमतही मूळ कामाची असता कामा नये. शंका आल्यास साधे भिंग घेऊन पृष्ठभाग पाहावा. छापील प्रतिकृतीत रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो, आणि वरच्या लेपाचे फटकारे खालच्या चित्रातल्या आकारांशी जुळत नाहीत.

भिंतीवरच्या चित्रांबद्दल आपण विचारले आहे. २०१४ नंतर स्टार्ट इंडिया फाउंडेशनसारख्या संस्थेमुळे दिल्लीची लोधी कॉलनी, माहीम पूर्वेचा भाग, २०१७ मध्ये ससून डॉक अशा ठिकाणी हे काम मोठ्या प्रमाणावर झाले आणि ते करणारे कितीतरी कलावंत कॅनव्हासवर आणि कागदावरही काम करतात. मात्र भिंतीवर चाळीस फुटांचे चित्र पेलणाऱ्याचा तीन फुटांचा कॅनव्हास तितकाच बोलका असेल असे गृहीत धरू नये. भिंतीची खरखर, तिथली वर्दळ, उन्हाने होणारा फरक हे सगळे त्या चित्राचे घटक असतात, आणि ते घरात येत नाहीत. माझ्या मते अशा कलावंताकडून भित्तिचित्राच्या तयारीची रेखाटने, चौकटी आखलेले आराखडे किंवा कापून वापरलेली स्टेन्सिल (रंग उमटवण्याचे साचे) मागावीत. त्यांवर रंगाचे डाग, मापे, भिंतीवरच्या खिडक्यांच्या खुणा असतात. चित्र भिंतीवरून पुसले गेल्यानंतर त्याचा हाताने केलेला पुरावा तेवढाच उरतो.

खिडकीपलीकडे

दोघांचेही मनापासून आभार. तयारीची रेखाटने मागता येतील हे मला कधीच सुचले नव्हते. विषय की चित्रकार, याचा विचार वर्षभर पाहता पाहता करीन. आता ओलीचे तेवढे कोणी सांगू शकेल का? दिवाणखान्याची सर्वांत मोठी मोकळी भिंत नेमकी पश्चिमेची, बाहेरची आहे.

उत्तर — कागद आणि कॅनव्हास

त्या भिंतीवर कागदावरचे एकही काम लावू नका. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि बाहेरची पश्चिम भिंत आतपर्यंत ओल धरते. काचेमागे अडकलेल्या दमट हवेत जलरंगाच्या कागदावर तपकिरी ठिपके पडायला एक पावसाळा पुरेसा होतो. आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंती वापराव्यात. तिथेही फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे लावावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांमध्ये हवा खेळती राहते.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात, कारण न सांगितल्यास तो स्वस्त सामान वापरतो. माऊंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि मागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा, कागद काचेला टेकता कामा नये, आणि चित्र चिकटपट्टीने किंवा गोंदाने पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवायचे नाही, तर वरच्या कडेला कागदी बिजागरीने टांगायचे. मागे हार्डबोर्ड ठोकण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण त्यातले आम्ल काही वर्षांत कागद पिवळा करते.

घरात एक साधा आर्द्रतामापक ठेवा. हवेतली आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. ६५-७० च्या वर ती बराच काळ टिकली की बुरशीला वाव मिळतो. रात्री वातानुकूलन आणि दिवसभर उघड्या खिडक्या असे रोजचे चढउतार कॅनव्हासला विशेष त्रासदायक ठरतात, कारण कापड सैल-घट्ट होत राहते आणि रंगाच्या थराला भेगा जातात. पावसाळ्यात चित्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवणे हा तर सर्वांत घातक उपाय आहे. ओल आतच कोंडते. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका. ते काम इतर चित्रांपासून वेगळे करून संवर्धकाला दाखवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र मुंबईत आहे, तिथे विचारणा करता येईल.

स्प्रे रंगातली कामे घेणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा, की त्यांच्या निस्तेज पृष्ठभागावर बोटाचा ठसाही कायमचा राहतो. धूळ झटकण्यासाठी कोरडा, मऊ, रुंद ब्रश पुरे. गुंडाळून कॅनव्हास आणावा लागलाच तर रंगाची बाजू बाहेर ठेवून मोठ्या व्यासाच्या नळीवर गुंडाळावा. आतल्या बाजूने गुंडाळल्यास रंगाचा थर दबून चिरतो.

उत्तर — जमाखर्च

कागदपत्रांबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. पैसे बँकेमार्फतच द्यावेत. पावतीवर चित्राचे नाव, वर्ष, माध्यम, माप आणि किंमत असावी, आणि चित्रकाराच्या सहीचे प्रमाणपत्र चित्राच्या छायाचित्रासह घ्यावे. दालनातून घेतलेल्या चित्रावर पूर्वी १२ टक्के असलेला वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे, तेव्हा सांगितलेली किंमत करासह आहे की कराविना, हे आधी विचारून घ्यावे. नोंदणीच्या मर्यादेखाली उलाढाल असलेला तरुण चित्रकार हा कर आकारत नाही.

पुढे कधी चित्र विकल्यास होणारा नफा करपात्र असतो. दागिन्यांप्रमाणे चित्रेही घरगुती वापराच्या वस्तूंच्या सवलतीत येत नाहीत. दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेल्या चित्रावर सध्या साडेबारा टक्के दराने कर लागतो, आणि त्यासाठी मूळ पावती हाताशी असणे आवश्यक आहे. चित्र घेतले म्हणून त्याचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) आपल्याकडे येत नाही. ते दिनदर्शिकेवर किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापायचे असेल तर चित्रकाराची लेखी परवानगी लागते. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाल्यास चित्रकाराला त्यात वाटा मागण्याची तरतूदही स्वामित्वहक्क कायद्यात आहे. प्रत्यक्षात ती क्वचितच पाळली जाते, पण तरुण चित्रकारांसाठी संग्रह करणाऱ्याने ती आपण होऊन पाळावी असे मला वाटते.

घराच्या विम्यात चित्रे आपोआप धरली जातील असे मानू नका. चित्रांची यादी, छायाचित्रे आणि किमती वेगळ्या द्याव्या लागतात का, आणि पावसाच्या पाण्याने किंवा ओलीने झालेले नुकसान त्यात येते का, हे दोन प्रश्न पॉलिसी घेण्यापूर्वीच विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावेत. आपल्या खाडीकाठच्या घरासाठी तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे.