अनोळखी मेसेजला उत्तर देऊच नका
ताई, तुम्ही म्हणताय अनोळखी माणसाला निदान 'कोण आपण' एवढं तरी विचारावं, मला नाही पटत ते. माझी मावशी पंचवटीत राहते, तिला असंच एका नंबरवरून नुसतं 'नमस्कार काकू' आलं, तिने भोळेपणाने उत्तर दिलं आणि दोन दिवसांत कुठल्याशा शेअर बाजाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं तिला, रात्री अकरालाही टिंग टिंग चालूच, बिचारी घाबरून फोनच बंद करून ठेवायची. मग मी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करून दिलं, आता अनोळखी कुणी तिला डायरेक्ट ग्रुपात घालू शकत नाही. आजच करा हे, प्लीज. आणि चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका हो, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.