सीमाभागातल्या मराठी वृद्धांची स्मृतिचाचणी कुठल्या भाषेत व्हावी?

खानापूरकर:
खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात घरात फक्त मराठी बोललेल्या म्हाताऱ्या माणसाची स्मृतिभ्रंशाची चाचणी कानडीत घेतली, तर निदान पहिल्या पायरीवरच चुकतं. तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळानं परत विचारायचे, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. सांगताना 'हूवु' सांगितलं आणि आजीनं नंतर 'फूल' म्हटलं, तर तिला आठवलेलं आहे. कागदावर मात्र शून्य पडतं. मिनिटभरात जनावरांची नावं विचारली की ती 'म्हस, रेडकू, शेरडू' म्हणते. तपासणाऱ्याला मराठी येत नसेल तर ही नावं मोजलीच जात नाहीत. एकच वाक्य जसंच्या तसं म्हणायचा प्रश्न तर परक्या भाषेत धडधाकट माणसालाही जड जातो.

घरचा माणूस दुभाषा केला की चूक उलट्या बाजूनं होते. डॉक्टर वार विचारतात आणि मुलगा विचारतो, "काल रविवार झाला न्हवं, मग आज काय?" गुण वाढतात आणि आजार लपतो.

आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) स्मृतिचाचण्यांचा संच पहिल्यांदा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत तयार झाला. म्हणजे या जिल्ह्यात शेजाऱ्याच्या भाषेत साधन आधी आलं. माझी मागणी एवढीच: चाचणी कुठल्या भाषेत घेतली आणि दुभाषा कोण होता, हे केसपेपरवर लिहिलंच पाहिजे.

अथणी-रायबाग:
केसपेपरवर भाषा लिहा, हरकत नाही. पण रोग वेगळाच आहे. अथणीतली शाळा न शिकलेली कानडी बाईसुद्धा नेहमीच्या ३० गुणांच्या 'एमएमएसई' या स्मृतिचाचणीत नापास होते, कारण ती बेतली आहे शाळा शिकलेल्यांसाठी. शब्दाची अक्षरं उलटी सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, वाक्य लिहा, पंचकोन काढा. हातात कधी पेन्सिल न धरलेल्या माणसाला यातलं काय जमणार?

हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षरांसाठी हिंदी आवृत्ती केली, तेव्हा यातलं बरंच बदललं. आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले, वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा म्हटलं. सीमाभागात आधी हे हवं, आणि दोन्ही भाषांत.

शिवाय इथली माणसं दुभाषी आहेत. हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, निरक्षरांतही. दोन भाषा ही इथल्या माणसाची ताकद आहे, तिला अडचण म्हणू नका.

खानापूरकर:
तो अभ्यास आजार कधी सुरू होतो याचा आहे. बाजारात भाजीचा भाव करण्यापुरती येणारी भाषा चाचणीला पुरते, असं तो म्हणत नाही. शाळेचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. मराठी निरक्षर बाईवर हे दोन्ही अन्याय एकावर एक बसतात.

सुश्रूषा:
दोघंही निदानापाशीच अडकलात. भाषेची खरी झळ पुढे बसते. आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी सुटते आणि लहानपणची उरते. रात्री ओरडणाऱ्या आजोबांचं पोट साफ झालेलं नसतं, लघवीत जंतुसंसर्ग असतो किंवा गुडघा ठणकत असतो. "ओटीपोटात कळ येतीय" हे सांभाळणाऱ्याला कळलं नाही की त्याला भ्रमिष्टपणा म्हणतात आणि शांत करायची गोळी सुरू होते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या मनोविकारविरोधी गोळ्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून गोळीआधी लघवी तपासा, पोट तपासा, चालू औषधांची यादी पाहा. सांभाळणाऱ्या बाईला निदान दुखणं, तहान, लघवी, थंडी, भीती एवढं मराठीत ओळखता यायला हवं. बोलणंच थांबलं असेल तर चेहरा, श्वास आणि हाताच्या मुठी बघायच्या.

चाचणीसाठी सिडनीत स्थलांतरितांकरता केलेली रुडास वापरून पाहा. तीही ३० गुणांची आहे, २२ किंवा कमी आले तर पुढची तपासणी. लिहायचं काही नाही, एक घन तेवढा बघून काढायचा. आठवायची यादी बाजाराची: चहा, तेल, अंडी, साबण. पण चिकोडीच्या जैन घरात 'अंडी' ऐकून म्हातारी अडखळेल, आणि शब्द बदलला तर २२ची जुनी मर्यादा तशीच लावता येत नाही. आधी इथल्या लोकांवर तपासून घ्यावं लागेल.

निपाणीचा:
अनेक जण सरळ कोल्हापूर-मिरजेला जातात, तिथं मराठीत तपासतात. मग भांडण कशाला? महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले आरोग्य योजनाही सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली.

सुश्रूषा:
ती योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांची आहे. या आजारात खर्च होतो तो बाह्यरुग्ण तपासणीवर, रोजच्या गोळ्यांवर आणि घरी चोवीस तास अडकलेल्या सुनेवर. शिवाय स्मृतिभ्रंशाची गोळी सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी मात्रा वाढवायची का, हे बघायला परत जावं लागतं. चक्कर, जुलाब, मंद नाडी हे आधी गावातच कुणीतरी पाहायला हवं. त्यासाठी जवळचंच केंद्र लागतं. फोनवर सल्ला हवा तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मराठीतही बोलतो.

अथणी-रायबाग:
एक विनंती, हे सीमाप्रश्नाच्या खटल्यात ओढू नका. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. रुग्णाची भाषा हा त्यातला पुरावा झाला, तर फॉर्मवर 'मराठी' लिहायला कर्मचारी घाबरेल.

खानापूरकर:
म्हणूनच हक्काच्या कागदावर बोला. १५ टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्य असलेल्या तालुक्यात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९५६ पासूनचं केंद्राचं धोरण आहे. त्यासाठी कुणाचा नकाशा बदलावा लागत नाही.

अथणी-रायबाग:
ठीक. मग चाचणीच्या आधी घरच्यांना विचारायची ११ प्रश्नांची यादी दोन्ही भाषांत छापा. तीही बल्लभगडचीच: जेवल्याचं विसरतो का, गावात वाट चुकतो का. पण ती सुनेला वेगळी विचारा आणि मुलाला वेगळी. जेवण वाढणारीला जे दिसतं ते शेतावर जाणाऱ्याला दिसत नाही, आणि नवऱ्यासमोर सून सासूबद्दल खरं बोलणार नाही.